चियांग माईच्या धर्मशाळेतला पाहुणा

आजचे वाचन: प्रेषितांची कृत्ये १७:१६-३४



पौल अथेन्समध्ये सीला आणि तीमथ्य यांची वाट पाहत थांबला आहे. हा उतारा वाचताना माझं लक्ष नेहमी त्याच्या अरियपगातल्या भाषणाकडेच जायचं. यावेळी मात्र त्याआधीच्या एका साध्या गोष्टीवर अडकलो. बोलायला उभा राहण्याआधी पौल शहरभर फिरला होता. जागोजागी मूर्ती बघून त्याचा जीव कासावीस झाला हे खरं, पण म्हणून त्याने मान फिरवली नाही. त्यांची पूजास्थानं नीट निरखून पाहिली, एका वेदीवर काय लिहिलंय ते वाचलं. त्यांच्या कवींनी काय म्हटलंय तेही त्याला ठाऊक होतं. म्हणजे गृहपाठ करून मगच तो बोलायला उभा राहिला.

हे आत्ता मनात यायला कारण झाला एक मेसेज. आमच्या युवक संघातली एक मुलगी वर्षभरासाठी उत्तर थायलंडमध्ये, चियांग माईला स्वयंसेविका म्हणून गेली आहे. डोंगरी भागातून शिकायला आलेल्या मुलांच्या वसतिगृहात इंग्रजी आणि गणित शिकवते. एप्रिलच्या मध्यावर तिथे नवं वर्ष सुरू होतं, त्याला सोंगक्रान म्हणतात. शब्द ओळखीचा वाटला ना? आपली संक्रांतच ती, फक्त सूर्य मेष राशीत जातो तेव्हाची. गावभर लोक एकमेकांवर पाणी उडवतात. त्या खेळाबद्दल तिला काही अडचण नव्हती. पण शेजारच्या एक बाई तिला बरोबर देवळात न्यायला निघाल्या होत्या, आणि तिथे बुद्धाच्या मूर्तीवर सुगंधी पाणी घालतात. जाऊ की नको? नाही म्हटलं तर त्या दुखावतील का? आणि नोव्हेंबरच्या पौर्णिमेला केळीच्या सोपट्याचे दिवे नदीत सोडतात, तेव्हा काय करायचं?

ऑफिसमधल्या गणपतीच्या आरतीला उभं राहायचं की नाही, हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांना पडलेला आहे, हे मला तुमच्या ईमेलवरून माहीत आहे. पण तिचा प्रश्न जरा वेगळा आहे. ती तिथे पाहुणी आहे. मी लगेच उत्तर दिलं नाही. कुठलाही एरर आला की तो आपल्या आधी कुणाला तरी आलाच असणार असं धरून शोधायला लागायचं, ही माझी नोकरीतली सवय. शोधल्यावर तिच्याच गावात तो माणूस सापडला. थायलंडच्या मंडळ्यांमध्ये त्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे, आपल्याकडे मात्र फारसं कोणी घेत नाही. डॅनियल मॅकगिल्व्हरी.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात १६ मे १८२८ रोजी त्याचा जन्म झाला. घराणं मूळ स्कॉटलंडच्या डोंगरातलं. लहान वयात शिंपीकाम शिकला, मग शाळा, मग प्रिन्स्टनची सेमिनरी. तिथे शिकत असताना सयाममध्ये काम करणारे एक डॉक्टर, सॅम्युएल हाऊस, सुट्टीवर आलेले असताना विद्यार्थ्यांशी बोलायला आले. सयाम म्हणजे आजचं थायलंड. त्या दिवशी ऐकलेलं त्याच्या मनातून गेलं नाही. २० जून १८५८ रोजी तो बँकॉकला उतरला तेव्हा वय तीस. आपल्यापैकी बरेच जण त्या वयात होमलोनचं गणित मांडत बसलेले असतात, मी तर होतोच.

१८६० मध्ये त्याने सोफिया ब्रॅडलीशी लग्न केलं. सोफियाचा जन्म बँकॉकचाच. थाई भाषा ती लहानपणापासून बोलत आलेली. तिचे वडील डॉ. डॅन बीच ब्रॅडली हे सयाममधले नावाजलेले मिशनरी डॉक्टर आणि छापखानेवाले. ज्या अमेरिकन बोर्डाने आपल्याकडे मुंबई आणि अहमदनगरला मराठी मिशन चालवलं, त्याच बोर्डाने ब्रॅडलींना सयामला पाठवलं होतं. त्या बोर्डाने बँकॉकमध्ये अठरा वर्षं काम केलं आणि शेवटी ते क्षेत्र सोडलं तेव्हा थाई लोकांतला एकही बाप्तिस्मा त्यांच्या हिशेबात नव्हता. अठरा वर्षं! आपण तीन महिने बायबल स्टडी घेतो आणि चारच जण येतात म्हणून ग्रुप बंद करतो.

लग्नानंतर ती दोघं बँकॉकच्या नैऋत्येला फेचबुरीत राहायला गेली. त्या भागात उत्तरेकडून आणि मेकाँगच्या पलीकडून पूर्वी युद्धात धरून आणलेल्या लोकांची खेडी होती. त्यांच्याशी बोलता बोलता उत्तरेची ओढ लागली. तिकडे चियांग माईचं राज्य होतं. बँकॉकचं मांडलिक, पण स्वतःचा राजा, स्वतःची बोली आणि स्वतःची लिपी असलेलं. १८६३ च्या अखेरीस तो एका सहकाऱ्याबरोबर आधी नुसता बघून आला. जाण्यातच सात आठवडे गेले. मग जानेवारी १८६७ मध्ये सोफिया आणि दोन लहान मुलांना घेऊन तो कायमचा निघाला. नदीतून बांबूच्या काठ्यांनी नाव ढकलत, खळाळांवरून दोराने ओढत तीन महिने प्रवास चालला. एप्रिलच्या सुरुवातीला ते चियांग माईला पोहोचले.

राहायला घर नव्हतं. शहराच्या पूर्वेकडच्या वेशीबाहेर वाटसरूंसाठी बांधलेली एक उघडी धर्मशाळा होती, तिच्यात बिऱ्हाड मांडलं. थाईमध्ये तिला साला म्हणतात. हसू नका, आपल्या धर्मशाळेतली शाळाच आहे ती. त्या साल्यात हे कुटुंब वर्षाहून अधिक काळ राहिलं. दार नाही, त्यामुळे लोक येऊन बसायचे. गोरी बाई कशी दिसते, तिची मुलं काय खातात, हे लोक काटा कसा वापरतात, सगळं बघायचे. आपल्याला वाटतं की मिशनरी लोकांना बघायला गेला. इथे अख्खं गाव मिशनऱ्याला बघायला आलं होतं. आणि पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत संक्रांत! म्हणजे नव्या गावातली त्यांची पहिली मोठी ओळख सणाच्या गर्दीतच झाली असणार. उत्तरेत त्या दिवसांत धाकटी माणसं सुगंधी पाणी घेऊन थोरांकडे जातात, त्यांच्या हातांवर ते ओततात, वर्षभरात काही चुकलं असेल तर क्षमा मागतात आणि आशीर्वाद घेतात. देवळात नदीची वाळू नेऊन तिचे लहान लहान स्तूप रचतात. रंगीत कागदी निशाणं लावतात. मग पावसाळा, भिक्षूंचा वर्षावास, आणि पुढे कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास दिव्यांचा सण. वर्षच सणांवर चालतं.

या माणसाबद्दल एक गोष्ट सरळ सांगायला हवी. तो त्याच्या काळाचा होता. बौद्ध धर्मात तारण नाही आणि आत्म्यांची पूजा म्हणजे नुसती भीती, असंच तो मानत होता आणि तसंच त्याने लिहिलं आहे. आजच्या अर्थाने तो सर्वधर्मसमभाववाला नव्हता. पण तो विहारांच्या आवारात जाऊन बसायचा, भिक्षूंशी तासन् तास बोलायचा, दौऱ्यावर असला की अनेकदा देवळाच्या ओसरीतच मुक्काम करायचा. हिवतापाने फणफणलेल्यांना क्विनाईन द्यायचा, मुलांना देवी टोचायचा. डॉक्टर नव्हता तो, पण तिथे दुसरा कोण होता? लोक आधी औषधासाठी आले.

तसाच एक जण खोकल्याच्या औषधासाठी आला. नान इंता. उत्तरेत नान ही पदवी पूर्वी भिक्षू राहून आलेल्याला देतात, म्हणजे शिकलेला माणूस. बौद्ध ग्रंथांचा त्याचा चांगला अभ्यास होता आणि प्रश्न विचारायची खोड होती. औषध घेऊन तो गेला नाही, वाद घालत बसला. जग कसं निर्माण झालं, मेरू पर्वत कुठे आहे, ग्रहण कशामुळे होतं. राहू सूर्याला गिळतो, म्हणून ग्रहणात ढोल बडवायचे, बंदुका उडवायच्या, म्हणजे तो घाबरून सूर्याला सोडतो. आपल्या आजीकडून हेच ऐकलंय ना आपण? मॅकगिल्व्हरीने त्याला ग्रहणाचं खरं कारण समजावलं आणि आठवडाभर आधी दिवसही सांगितला: १८ ऑगस्ट १८६८. आणि त्या दिवशी ठरल्याप्रमाणे सावली आली. नान इंता त्या दिवसानंतर वेगळ्याच गांभीर्याने येऊ लागला. उत्तरेच्या भाषेत छापलेलं शास्त्र तेव्हा नव्हतंच, बँकॉकच्या थाईत होतं. ते वाचता यावं म्हणून तो ती लिपी शिकला. ३ जानेवारी १८६९ रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला. तो चियांग माईचा पहिला विश्वासणारा.

ही गोष्ट मिशनच्या पुस्तकांत अशी सांगितली जाते की जणू विज्ञानाने अंधश्रद्धेला हरवलं आणि शुभवर्तमानाचा मार्ग मोकळा झाला. इंजिनिअर म्हणून मला ही गोष्ट ऐकायला आवडते, आणि इंजिनिअर म्हणूनच मला ती थोडी खटकते. कारण त्याच ग्रहणाचं गणित सयामचा राजा मोंगकुट याने स्वतः केलं होतं. हा राजा गादीवर येण्याआधी सत्तावीस वर्षं भिक्षू होता. खग्रास ग्रहण नेमकं कुठून दिसेल हे मांडून तो दक्षिणेत समुद्रकाठी वा को इथे गेला, परदेशी पाहुण्यांनाही बोलावलं, आणि त्याचं गणित बरोबर निघालं. तिथे त्याला हिवताप झाला आणि १ ऑक्टोबरला तो वारला. म्हणजे एका धर्मनिष्ठ बौद्धाला ग्रहण समजायला ख्रिस्ती व्हावं लागलं नाही. त्याच सावलीचा पट्टा आपल्या कोकणावरून आणि पुढे गुंटूरवरून गेला होता. विजयदुर्गावर त्या ग्रहणाशी जोडलेले साहेबाचे ओटे अजून दाखवतात. गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन दुर्बीण लावून बसला होता. त्या ग्रहणात सूर्याच्या वर्णपटात दिसलेली पिवळी रेषा पुढे हेलियमची ठरली.

मग नान इंताचं काय झालं? मला वाटतं, त्याला ग्रहणाने येशू दिला नाही. ग्रहणाने त्याला एवढंच दिलं की समोरचा माणूस त्याला खरं सांगतोय. जो दिसणाऱ्या गोष्टीबद्दल खरं बोलला, त्याचं न दिसणाऱ्या गोष्टीबद्दलही ऐकून घ्यावं, इतका विश्वास बसला. पुढचे महिने तो पापक्षमेबद्दल विचारत राहिला. कर्माचा हिशेब कोणीतरी दुसऱ्याने चुकता करावा, हे त्याच्या शिक्षणात बसत नव्हतं आणि नेमकं तेच त्याला हवं होतं.

त्या वर्षी आणखी सहा जणांचे बाप्तिस्मे झाले. सात माणसांची मंडळी. आणि मग सप्टेंबर आला.

चियांग माईचा राजा कावीलोरोत सुरुवातीला परक्या पाहुण्यांशी बऱ्यापैकी वागला होता. औषध देणारा परका एक वेळ चालतो. पण आपली रयत त्याच्यामागे जाऊ लागली, तशी त्याची नजर बदलली. नोई सुन्या हा राजाची गुरं राखणारा, मुलाबाळांचा माणूस. नान चाई हा त्याचा शेजारी, तोही पूर्वीचा भिक्षू, शिकलेला. दोघांना बोलावणं आलं. कारण सांगितलं गेलं की शहराच्या कोटासाठी प्रत्येकाने लाकडाचा ओंडका आणून द्यायचा होता, तो यांनी वेळेवर दिला नाही. हे निमित्त आहे हे सगळ्यांना कळत होतं. चौकशीत त्यांनी आपला विश्वास लपवला नाही. रात्रभर त्यांना जखडून ठेवलं आणि १४ सप्टेंबर १८६९ रोजी सकाळी रानात नेऊन मारलं. मारण्याआधी नान चाईने प्रार्थना केली, आणि त्या प्रार्थनेत राजाचंही नाव होतं असं सांगतात.

मॅकगिल्व्हरीला हे बरेच दिवस कळलंच नाही. घरातले नोकर एकाएकी निघून गेले, लोक यायचे बंद झाले, कोणी काही सांगेना. मग एका ब्रह्मी शेजाऱ्याकडून बातमी आली.

इथे मी दोन दिवस थांबलो होतो, पुढे लिहवेना. ज्याने शिकवलं तो जिवंत, आणि जे शिकले ते गेले. त्याच्यामागे अमेरिकेचा वकील होता, बँकॉकचं दरबारी वजन होतं, सासरे होते. नोई सुन्यामागे कोण होतं? परक्याला नाही म्हणण्याची किंमत फार तर कुजबूज असते. गावच्या माणसाला तीच किंमत पार वेगळ्या चलनात मोजावी लागते. आपल्या आजोबा-पणजोबांना हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. वाळीत पडणं, विहीर बंद होणं, लेकीचं लग्न मोडणं, हे त्यांच्या घरात घडलेलं आहे.

बातमी बँकॉकला पोहोचल्यावर राजप्रतिनिधीने एक सरकारी अधिकारी वर पाठवला, त्याच्याबरोबर दोन मिशनरीही आले. डिसेंबरमध्ये दरबारात भेट झाली. कावीलोरोतने आधी तीच ओंडक्याची गोष्ट सांगितली. सोबतचे लोक शांतपणे निघायच्या बेतात होते. अधिकाऱ्यालाही प्रकरण वाढवायचं नव्हतं. तेव्हा मॅकगिल्व्हरी बोलला. हे खरं नाही, ती माणसं ख्रिस्ती झाली म्हणूनच मारली गेली, असं त्याने राजाच्या तोंडावर सांगितलं. राजा भडकला आणि त्याने कबूलच केलं: होय, त्यासाठीच मारलं, आणि पुढेही जो कोणी राजधर्म सोडेल त्याला मारीन. हा परका औषध देत राहिला तर राहू दे, शिकवता कामा नये.

सल्ला सगळ्यांचा एकच होता, निघून चला. तो राहिला. धैर्य की हट्ट, हे मला ठरवता येत नाही. त्याच्या घरात लहान मुलं होती, हेही विसरता येत नाही. पण मेलेल्या दोघांची कुटुंबं आणि लपून बसलेले पाच जण तिथेच होते, ते कुठे जाणार होते? पुढच्या वर्षी कावीलोरोत बँकॉकला गेला, तिथे आजारी पडला आणि परत आल्याआल्याच १८७० च्या जूनअखेरीस वारला. त्याचा जावई गादीवर आला. दबाव कमी झाला, संपला नाही.

आता सणांकडे परत येतो, कारण खरा पेच तिथे होता. तिथल्या खेड्यात बौद्ध देऊळ हा अर्धाच भाग. उरलेला अर्धा भाग पितरांचा आणि आत्म्यांचा, ज्यांना ते फी म्हणतात. उत्तरेत घराण्याचे आत्मे आईकडून मुलीकडे चालत येतात. लग्न लागतं तेव्हा नवऱ्या मुलाने वधूच्या घराण्याच्या आत्म्यांना ठरलेली दक्षिणा द्यायची. ती दिली की लग्न झालं. नोंदणी नाही, दुसरा कागद नाही, तीच कायद्याची खूण. रक्कम मोठी नसायची. गंमत म्हणजे त्या भागात ब्रह्मदेशातून येणारा आपला रुपयाच तेव्हा चालायचा.

१८७८ मध्ये चियांग माईतलं पहिलं ख्रिस्ती लग्न ठरलं. वधू नान इंताची मुलगी. ठरलेल्या दिवशी मंडळी जमली, जेवणाची तयारी झाली, आणि घराण्याचा मुख्य अडून बसला: आत्म्यांची दक्षिणा ठेवा, नाहीतर लग्न नाही. विचार करा, बाहेर पाहुणे बसलेत. थोडीशी रक्कम. द्या आणि मोकळे व्हा, मनात काय मानायचं ते माना. आपण काय केलं असतं? मी तरी बहुतेक दिले असते, आणि वर समर्थनाला करिंथकरांस पहिल्या पत्रातला आठवा अध्यायही काढला असता, की मूर्ती म्हणजे काहीच नाही म्हणून. पण त्याच पत्राच्या दहाव्या अध्यायात पौल म्हणतो की समोर वाढलेलं खुशाल खा, मात्र हे अर्पण केलेलं आहे असं कुणी बजावून सांगितलं तर सांगणाऱ्यासाठी थांब. इथे सगळ्यांनाच ठाऊक होतं ते पैसे कुणाला आणि कशासाठी. ते दिले असते तर मंडळीतलं प्रत्येक पुढचं लग्न आत्म्यांच्या परवानगीने लागलं असतं. नाही दिले तर मुलगी लोकांच्या दृष्टीने बिनलग्नाची. त्यांनी दिले नाहीत. लग्न त्या दिवशी लागलं नाही.

मॅकगिल्व्हरी स्थानिक सत्ताधाऱ्यांकडे गेला, उपयोग झाला नाही. मग बँकॉकच्या आयुक्ताकडे गेला. हा आयुक्त तिथे का होता तर सागवानामुळे. ब्रह्मदेशातले इंग्रजांचे प्रजाजन उत्तरेत सागाची जंगलं तोडायचे, त्यावरून तंटे व्हायचे, म्हणून १८७४ च्या करारानंतर बँकॉकने आपला माणूस बसवला होता. देव कशाकशातून वाट काढतो बघा, सागाच्या ओंडक्यांतूनही. आयुक्ताने सांगितलं, मला अधिकार नाही, राजाला लिहा. त्याने चुलालाँगकॉर्न राजाला अर्ज केला. राजा पंचवीस वर्षांचा होता. ८ ऑक्टोबर १८७८ रोजी त्याच्या नावाने जाहीरनामा निघाला: ज्याला जो धर्म पाळायचा तो त्याने पाळावा, नातलगांनी वा अधिकाऱ्यांनी आडकाठी करू नये, आत्म्यांच्या पूजेची सक्ती नको, आणि ख्रिस्ती लोकांना रविवारी वेठीला धरू नये. त्या जाहीरनाम्यावर शिक्का एका बौद्ध राजाचा. त्यात उत्तरेवर बँकॉकची पकड घट्ट करण्याचं राजकारण होतंच, कोणी भोळेपणाने वाचू नये. पण लग्न लागलं.

तिथे रविवारला वान आथित म्हणतात, म्हणजे आदित्यवारच. बौद्ध पवित्र दिवस चंद्राच्या तिथीवर चालतात, त्यामुळे दर सात दिवसांनी काम थांबवणारा शेतकरी गावात लगेच उठून दिसायचा. सण न पाळणाऱ्याइतकाच नवा सण पाळणाराही डोळ्यात भरतो.

पुढचं आयुष्य भराभर सांगतो. काही घरांवर आरोप व्हायचा की यांच्यात चेटकी आत्मा आहे, मग गाव त्यांना हाकलून द्यायचं, घर जाळायचं. अशा लोकांना मॅकगिल्व्हरी पती-पत्नींनी आसरा दिला. त्यातले बरेच पुढे मंडळीत आले. सोफियाने घरात मुलींना शिकवायला सुरुवात केली, त्याची पुढे रीतसर शाळा झाली आणि ती आज दारा अकॅडमी म्हणून चालते. १८९२ मध्ये उत्तरेच्या लिपीत छापणारा छापखाना आला. तो स्वतः हत्तीवरून, घोड्यावरून, पायी, लाओसपर्यंत, ब्रह्मदेशाच्या शान मुलखापर्यंत, चीनच्या हद्दीतल्या मेकाँगकाठापर्यंत फिरत राहिला, म्हातारपण आलं तरी. मुलगा इव्हांडर काही वर्षं मिशनमध्ये होता, मग मतभेद झाले, तो अमेरिकेत तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक झाला. बापाला ते जड गेलं असणार, पण ते नातं तुटलं असं कुठे वाचायला मिळत नाही. २२ ऑगस्ट १९११ रोजी मॅकगिल्व्हरी चियांग माईतच वारला, त्र्याऐंशी वर्षांचा होऊन. आठवणींचं पुस्तक लिहून झालं होतं, ते पुढच्या वर्षी निघालं. आज पायाप विद्यापीठाच्या धर्मशास्त्र महाविद्यालयाला त्याचं नाव आहे.

हे सगळं मी त्या मुलीला पाठवलं नाही. फार लांबलं असतं, आणि दुरून सल्ला देणाऱ्यांची तिला कमतरता नाही. मी एवढंच लिहिलं की नदीतल्या दिव्यांचं नोव्हेंबरमध्ये बघू. देवळात जायचं की नाही हे मला विचारण्यापेक्षा तू ज्या मंडळीत रविवारी जातेस तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या आजीला विचार. तिच्या आईने, आजीने हे सण कसे काढले, काय सोडलं, काय ठेवलं, ते विचार. आणि शेजारच्या बाईंना नाही म्हणायचं असेल तर दारात उभं राहून म्हणू नकोस, घरात जाऊन बस, चहा घे, मग सांग.

चार दिवसांनी तिचा फोटो आला. सोंगक्रानच्या आठवड्यातला रविवार, चर्चच्या आवारात एका रांगेत खुर्च्या मांडलेल्या, त्यांवर मंडळीतली वडीलधारी माणसं बसलेली, प्रत्येकाच्या मांडीवर एक भांडं आणि गळ्यात जाईच्या फुलांच्या माळा. तरुण मुलं गुडघ्यांवर पुढे सरकत त्यांच्या हातांवर सुगंधी पाणी ओततायत. ती आजी कोण ते तिने बाणाने दाखवलं होतं. आजी पाणी ओतून घेते आणि ओल्या हातांनी प्रत्येकाच्या डोक्याला स्पर्श करून प्रार्थना करते. शेजारच्या बाईही तिथे आल्या होत्या, मागच्या रांगेत, भिजलेल्या साडीत नव्हे, ते आपल्याकडचं, भिजलेल्या फुलाफुलांच्या शर्टात. देवळातून त्या सरळ इकडेच आल्या होत्या.

उद्याचे वाचन: प्रेषितांची कृत्ये १८:१-१७